निर्बंधांनी लोकशाही येते का? बर्मा उडदाच्या बिलांवरून जे दिसलं ते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही विचारलंय: १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. तेव्हापासून अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन, कॅनडा एकामागून एक निर्बंध लावत आले, तरी उठाव करणारे तेव्हाचे सेनाप्रमुख मिन आँग हलाइंग यांची पकड काही सुटली नाही. मग निर्बंधांनी हुकूमशाहीत लोकशाही येते, या म्हणण्याला काही अर्थ आहे का? की मार फक्त गरिबाच्या पाठीवर पडतो?

मी राज्यशास्त्राची अभ्यासक नाही. मुंबईतल्या एका बँकेच्या परकीय व्यापार विभागात चोवीस वर्षं काम केलं, त्यातली शेवटची अकरा निर्बंधांच्या टेबलावर. आयात-निर्यातीच्या कागदांवर जितकी नावं असतात, म्हणजे विकणारा, घेणारा, जहाज, जहाजाचा मालक, विमा उतरवणारा, मधली बँक, ती सगळी वेगवेगळ्या देशांच्या याद्यांशी ताडून बघायची आणि बिल सोडायचं की अडवायचं ते ठरवायचं, हे आमचं काम. निर्बंध जिथे प्रत्यक्ष लागतो त्या टेबलावरून जे दिसलं ते सांगते. आणि एक आधीच कबूल करते. यातलं बरंचसं त्या देशावर, त्या काळावर आणि निर्बंध लावणारा कोण यावर अवलंबून असतं. सरसकट हो किंवा सरसकट नाही असं कुणी सांगितलं, तर मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. निर्बंधांनी दुखतं का, हा एक. त्या दुखण्यातून लोकशाही उगवते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकते: योग्य जागी लागले तर फार दुखतं. दुसऱ्याचं उत्तर असं की दुखणं आणि लोकशाही यांच्या मधे त्या देशातली माणसं उभी असतात. ती संघटित असतील, आणि ज्याला दुखतंय त्याचं म्हणणं सत्ताधाऱ्याला ऐकून घ्यावं लागत असेल, तर निर्बंध कामी येतात. नाहीतर दुखणं नुसतं दुखत राहतं.

आकडे हवे असतील तर या विषयात सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो पहिल्या महायुद्धापासून १९९० पर्यंतच्या ११५ प्रकरणांच्या अभ्यासाचा. त्यात ४० प्रकरणं यशस्वी धरली होती. १९९७ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने तीच ४० पुन्हा तपासली आणि खरी यशस्वी फक्त ५ मानली; बाकीच्यांत कुठे युद्धाने काम झालं होतं, कुठे निर्बंधांचा संबंधच दाखवता येत नव्हता. शिवाय ही यशं सगळ्या प्रकारच्या मागण्यांची आहेत, एकट्या लोकशाहीची नव्हेत. छोटी मागणी लवकर मान्य होते. 'खुर्ची सोड' ही मागणी जगातली सगळ्यात मोठी मागणी आहे.

आता निर्बंध चालतो कसा ते बघा, कारण बरेच गैरसमज इथूनच सुरू होतात. निर्बंध म्हटलं की डोळ्यांसमोर बंदराची नाकेबंदी येते. आजचा निर्बंध म्हणजे बहुतेक वेळा नुसती एक यादी असते. अमेरिकेच्या अर्थखात्याचं ओफॅक नावाचं कार्यालय आहे, त्याची यादी सगळ्यांत दरारा असलेली. यादीत आलेल्या माणसाची अमेरिकेतली मालमत्ता गोठते, आणि ज्या कंपनीत अशा माणसांची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल ती कंपनी यादीत नाव नसतानाही बंद होते. भारतीय बँकेला कायद्याने बंधनकारक असते ती संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची यादी. म्यानमारवर सुरक्षा परिषदेचे निर्बंधच नाहीत, कारण तिथे चीन आणि रशिया नकाराधिकार घेऊन बसलेत. मग वाशीतला व्यापारी यांगूनहून डाळ आणतो तेव्हा अमेरिकेचा संबंध येतोच कुठे? डॉलरमुळे येतो. बिल डॉलरमधे असतं. आमच्या बँकेचं डॉलरचं खातं न्यूयॉर्कच्या बँकेत, पैसे तिथूनच जाणार. माल बंगालच्या उपसागरातून येतो, पैसा मात्र न्यूयॉर्कहून वळसा घालून जातो, आणि त्या वळणावर अमेरिकेचा कायदा उभा असतो.

२०१४ मध्ये सुदान, इराण, क्यूबा यांचे व्यवहार अमेरिकेतून फिरवल्याबद्दल बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला जवळजवळ ९ अब्ज डॉलर दंड भरावा लागला. त्या वर्षापासून आमच्या क्षेत्राची मानसिकताच बदलली. एका बिलामागे कमिशन मिळणार काही हजार रुपये, आणि चूक झाली तर दंड अब्जावधींचा. मग यादीत नसलेल्यालाही नाही म्हणायची सवय लागते. कायदा म्हणतो या पन्नास माणसांशी व्यवहार नको. बँक म्हणते या देशाशीच नको. निर्बंधांचा मार गरिबाला बसतो असं तुम्ही म्हणता, त्यातला मोठा भाग या घाबरटपणाचा आहे, आणि तो कुठल्याच सरकारी आदेशात लिहिलेला नसतो.

एक प्रकरण जवळून सांगते. २०२३ चा पावसाळा. आमच्या एका ग्राहकाचे उडदाचे सहा कंटेनर म्यानमारहून न्हावा शेवाला उतरले होते. बाजारात याला अजूनही, देशाच्या जुन्या नावावरून, 'बर्मा उडीद' म्हणतात आणि तिकडच्या तुरीला 'लेमन'. आपल्या इडली-डोशाच्या पिठात आणि पापडात या उडदाचा मोठा वाटा आहे. २०२१ च्या जूनमध्ये, म्हणजे लष्करी उठावाला पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, भारत सरकारने म्यानमारशी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, असा पाच वर्षांचा करार केला तो उगीच नाही. तर कागदपत्रं बँकेत आलेली, पैसे पाठवायचे तेवढे बाकी. आणि सिस्टिमने लाल खूण दाखवली. विकणाऱ्या कंपनीच्या संचालकाचं नाव यादीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या नावाशी जुळत होतं. बर्मी लोकांत आडनाव नसतं. आँग, विन, मिन, टुन अशीच दोन-तीन पदं फिरून फिरून येतात, त्यामुळे अख्ख्या देशात एका नावाची शेकडो माणसं. जन्मतारीख बिलावर नसते. तिकडच्या राष्ट्रीय ओळखपत्राचा नंबर मागवला, तो बर्मी लिपीत आला, त्याचं भाषांतर आणि खातरजमा झाली, मग तीच माहिती न्यूयॉर्कच्या बँकेला पाठवली. त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले. एकोणीस दिवस गेले. बंदरावर रोजचा दंड चढत होता. शेवटी कळलं की तो संचालक म्हणजे पेगूकडच्या, आताच्या बागोच्या, शेतकऱ्यांकडून उधारीवर माल उचलणारा साधा आडत्या. त्याला पैसे मिळाले, पण पुढच्या हंगामात त्याने आपल्या ग्राहकाला थेट विकणं सोडलं आणि सिंगापूरच्या एका मध्यस्थामार्फत माल पाठवायला लागला. मध्यस्थाची टक्केवारी कुठून निघणार? थोडी शेतकऱ्याच्या भावातून, थोडी इथल्या गिऱ्हाइकाकडून. ते एकोणीस दिवस मी विसरलेले नाही, कारण त्याच काळात तिकडे लष्कराची विमानं गावांवर बॉम्ब टाकत होती, म्हणजे विमानाचं इंधन कुणीतरी कुठूनतरी पोचवत होतं.

पण एवढ्यावरून 'निर्बंध निरुपयोगी' असा निष्कर्ष मी काढत नाही. म्यानमारचाच आधीचा इतिहास बघा.

१९८८ मध्ये तिथे विद्यार्थी रस्त्यावर आले, लष्कराने गोळ्या घातल्या. १९९० ची निवडणूक लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने जवळजवळ ८० टक्के जागा घेऊन जिंकली, आणि लष्कराने सत्ता दिलीच नाही. १९९७ मध्ये अमेरिकेने नव्या गुंतवणुकीला बंदी केली. २००३ च्या मे महिन्यात स्यू चींच्या ताफ्यावर देपायिन इथे प्राणघातक हल्ला झाला, त्यानंतर अमेरिकेने तिथून होणारी सगळी आयात आणि डॉलरचे व्यवहार थांबवले. परिणाम काय झाला? यांगूनभोवतीच्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हजारो मुली घरी बसल्या. जनरलांचं उत्पन्न या शिलाई यंत्रांवर नव्हतंच. ते येत होतं सागवानातून, मोगोकच्या माणकांतून, फकांतच्या जेडमधून आणि थायलंडला पाइपाने जाणाऱ्या गॅसमधून. जेड आणि माणकं तिसऱ्या देशातून फिरून अमेरिकेत येतात, ती वाट बंद करणारा कायदा यायला २००८ उजाडलं. म्हणजे गरिबाचं दार आधी बंद झालं, श्रीमंताचं पाच वर्षांनी.

तरीही २०११ मध्ये दार किलकिलं झालं. थेन सेन या माजी जनरलच्या सरकारने राजकीय कैदी सोडले, वृत्तपत्रांवरची पकड सैल केली, इरावतीवरचं मितसोन धरण थांबवून चीनला दुखावलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये पोटनिवडणुका झाल्या, स्यू चींच्या पक्षाने ४४ जागा लढवून ४३ जिंकल्या. हे निर्बंधांमुळे झालं का? माझं मत: निर्बंधांचा वाटा होता, पण तुम्हाला वाटतो तसा नव्हता. जनरल उपाशी नव्हते. त्यांना दोन गोष्टी सलत होत्या. एक, सगळे पाश्चात्त्य दरवाजे बंद असल्यामुळे देश चीनच्या ओंजळीने पाणी प्यायला लागला होता, आणि बर्मी लष्कराला चीनची भीती जुनी आहे. दुसरी, जगात मान नव्हता.

या मानाबद्दल मी ठामपणे बोलते, कारण मी रत्नागिरीची. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये पदच्युत केलेला बर्माचा शेवटचा राजा थिबा आमच्या गावात नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच गेला. थिबा पॅलेस आम्ही लहानपणापासून बघतोय. २०१२ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीवर नतमस्तक झाले. त्याआधी काही वर्षं ज्यांना पाश्चात्त्य राजधान्यांत पाय ठेवता येत नव्हता, अशा राजवटीतून वर आलेला हा माणूस. देशोदेशी सन्मानाने स्वागत व्हावं ही भूक त्या वर्गात किती होती, ते मला त्या दिवशी कळलं. व्हिसाबंदी म्हणजे किरकोळ गोष्ट, असं मग मी कधी म्हटलं नाही.

पण लष्कराने सोडलं काय आणि ठेवलं काय, ते बघा. २००८ ची राज्यघटना त्यांनी आधीच करून ठेवली होती: संसदेच्या २५ टक्के जागा गणवेशातल्यांना, घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागणार, गृह, संरक्षण आणि सीमा खाती सेनाप्रमुखाच्या हातात. कुलूप आणि किल्ली दोन्ही त्यांच्याकडेच. हे सगळं जागच्या जागी असताना युरोपने २०१३ मध्ये शस्त्रबंदी सोडून बाकी निर्बंध उठवले, आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने आपली म्यानमारची यादीच बंद केली. लष्कराचे दोन प्रचंड उद्योगसमूह, एमईएचएल आणि एमईसी, तेही त्या दिवशी सुटले. कर्ज फिटायच्या आधीच गहाणखत फाडून टाकलं. पुढच्याच वर्षी रोहिंग्यांवर लष्कर तुटून पडलं, सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली, आणि तेव्हा दाबायला हातात काही उरलं नव्हतं. या प्रकरणात माझा सगळ्यात मोठा आक्षेप निर्बंध लावण्यावर नाही, ते ज्या घाईने आणि एकगठ्ठा उठवले त्यावर आहे.

आता दक्षिण आफ्रिका, कारण निर्बंधांची बाजू घेणारा प्रत्येक जण हेच उदाहरण देतो आणि ते अर्धवट देतो. त्या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, १९४६ मध्ये, तेव्हा स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं. आपल्या निर्यातीतला ५ टक्के हिस्सा त्या एका देशात जात होता, तो सोडला. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका आली म्हणून आपण खेळलोच नाही, चषक त्यांना गेला. आणि वर्णभेद संपला १९९४ मध्ये. १९४६ ते १९९४, ४८ वर्षं! ज्यांना दोन-तीन वर्षांत फळ हवं असतं त्यांनी हा हिशोब डोळ्यांपुढे ठेवावा.

पण त्या ४८ वर्षांतही खरा घाव बसला तो १९८५ मध्ये, आणि तो कुठल्या सरकारने नाही, बँकांनी घातला. देशात यादवीसारखी स्थिती होती, आणीबाणी लागली होती. जुलैच्या अखेरीस चेस मॅनहॅटन या अमेरिकन बँकेने अल्पमुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला, पाठोपाठ इतर बँकांनी. तिथलं चलन रँड कोसळलं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारला परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर करावं लागलं. अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला तो त्यानंतर, १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये. बँका का घाबरल्या? नैतिकतेचा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. वस्त्यावस्त्यांत लोक उठले होते, कामगार संघटना संप करत होत्या, काळ्या ग्राहकांनी गोऱ्या दुकानांवर बहिष्कार टाकला होता, आणि त्यामुळे कर्ज बुडेल असं दिसायला लागलं. आधी माणसं उठली, मग पैसा पळाला, मग कायदा आला. हा क्रम लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांना दुखत होतं त्यांना मत होतं. वर्णभेदी राजवटीत गोऱ्यांपुरती का होईना निवडणूक होती. व्यापारी, शेतकरी, क्रिकेटवेडे, सगळे मतदार. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा संघ कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला तेव्हा दोन दशकांहून जास्त काळाचा बहिष्कार संपत होता. आमच्या पिढीला तो दिवस आठवतो. चार महिन्यांनी, १९९२ च्या मार्चमध्ये, त्यांचा संघ वर्ल्ड कप खेळत असतानाच गोऱ्यांचं सार्वमत झालं. सुधारणा पुढे न्यायच्या का, या प्रश्नाला जवळजवळ ६९ टक्के लोकांनी हो म्हटलं. म्यानमारच्या जनरलला असा मतदार नाही. त्याला फक्त त्याच्या हाताखालचे जनरल पदच्युत करू शकतात.

इराकचं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं. १९९० च्या ऑगस्टपासून जवळजवळ सगळाच व्यापार बंद. सद्दामने लगेच रेशनिंग सुरू केलं. पूर्वी जो माणूस बाजारातून धान्य घेत होता तो आता सरकारी रेशनकार्डावर जगायला लागला. हुकूमशहाच्या हाती याहून मोठं हत्यार कोणतं असतं? सगळ्या देशाला उपाशी ठेवणारा निर्बंध लोकांना सत्तेच्या जास्तच अधीन करतो. संयुक्त राष्ट्रांची 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजना आल्यावर कंपन्यांनी लाच देऊन कंत्राटं मिळवली, २००५ च्या चौकशीत दोन हजारांहून जास्त कंपन्यांची नावं निघाली. लोकशाही त्या तेरा वर्षांत एक इंचही पुढे सरकली नाही.

हे सगळं मनात ठेवून २०२१ नंतरच्या म्यानमारकडे या.

उठाव होताच अमेरिकेने न्यूयॉर्कमधला म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेचा सुमारे १ अब्ज डॉलरचा ठेवा गोठवला. हे काम अचूक झालं, जनरलांचा हात पोचायच्या आत. मार्चमध्ये मिन आँग हलाइंग यांच्या मुलावर आणि मुलीवर, त्यांच्या सहा कंपन्यांवर, आणि मग पुन्हा एमईएचएल-एमईसीवर निर्बंध आले. इथवर ठीक. पण राजवटीला डॉलर आणून देणारी सरकारी तेल-वायू कंपनी? तिच्यावर युरोपने वर्षभराने निर्बंध लावले आणि अमेरिकेने तिच्या आर्थिक सेवा तोडण्याचा आदेश काढला २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, म्हणजे पावणेतीन वर्षांनी. परकीय चलन सांभाळणाऱ्या दोन सरकारी बँका यादीत आल्या जून २०२३ मध्ये. पावणेतीन वर्षांत माणूस पर्यायी वाट बांधून मोकळा होतो. आमच्या टेबलावर आम्ही ते होताना बघितलं: जुन्या नावांच्या जागी नव्या कंपन्या, पत्ता कधी सिंगापूरचा, कधी बँकॉकचा, कधी दुबईचा.

२०२३ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारविषयक विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी हिशोब मांडला की उठावानंतर लष्कराने किमान १ अब्ज डॉलरची शस्त्रं आणि त्यासाठीचं साहित्य बाहेरून घेतलं. रशियाकडून ४०.६ कोटी डॉलरचं, चीनकडून २६.७ कोटींचं, सिंगापूरमधून २५.४ कोटींचं, भारतातून ५.१ कोटींचं, थायलंडमधून २.८ कोटींचं. वर्षभराने त्यांनीच पुढचा हिशोब दिला, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर त्यात आहे. आंतरराष्ट्रीय बँकांमार्फत होणारी ही खरेदी एका वर्षात ३७.७ कोटी डॉलरवरून २५.३ कोटींवर आली, एक तृतीयांश घट. कारण सिंगापूरच्या सरकारने मनावर घेतलं आणि तिथला आकडा ११ कोटींवरून जेमतेम १ कोटीवर उतरला. पण त्याच वर्षी थायलंडमधल्या कंपन्यांकडून होणारी खरेदी दुपटीवर गेली. एका शेजाऱ्याने बांध घातला, पाणी दुसऱ्याच्या शेतातून वळलं. निर्बंध चालतात याचा पुरावा पहिला आकडा, आणि ते का पुरे पडत नाहीत याचा पुरावा दुसरा.

दरम्यान देशातल्या माणसाचं काय झालं? २०२२ च्या एप्रिलमध्ये राजवटीने फर्मान काढलं की बाहेरून आलेलं परकीय चलन एका कामाच्या दिवसात सरकारी दराने, म्हणजे डॉलरला १८५० च्यातने (च्यात हे तिथलं चलन), बदलून घ्या. बाजारात दर त्याहून चढा होता आणि चढतच गेला. उडीद विकून आलेल्या डॉलरचे शेतकऱ्यापर्यंत कमी च्यात पोचणार, आणि खत-डिझेल मात्र बाजारभावाने घ्यायचं. मधला फरक सरकारजमा. लष्कराला परकीय चलनाची चणचण भासली, आणि त्यांनी ती शेतकऱ्याच्या खिशातून भरून काढली. ही जबाबदारी मी निर्बंध लावणाऱ्यांवर पूर्ण टाकत नाही, चोरी ज्याने केली त्याचीच ती. पण हुकूमशहाला बसलेला चिमटा तो खाली ढकलतो, हे आधीच गृहीत धरायला हवं.

शेजाऱ्याचा दबाव किती चालतो याचंही उदाहरण तिथलंच आहे, फक्त उलट दिशेचं. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत एमएनडीएए या सशस्त्र गटाने लष्कराकडून लाशियो शहर जिंकून घेतलं, लष्कराच्या एका विभागीय मुख्यालयासकट. हा लष्कराला बसलेला मोठा धक्का, आणि तो निर्बंधांनी नाही, लढणाऱ्या माणसांनी दिला. मग चीनने त्या गटाची सीमेवरची नाकी बंद केली, वीज-इंटरनेट तोडलं, औषधं-इंधन अडवलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये जिंकलेलं शहर लष्कराला परत करावं लागलं. वॉशिंग्टनची यादी चार वर्षांत जे करू शकली नाही, ते सीमेवरच्या फाटकाने काही महिन्यांत केलं, दुर्दैवाने लोकशाहीच्या विरुद्ध बाजूने.

थोडक्यात एका जागी सांगायचं तर मला असं दिसतं. निर्बंध लोकशाही आणत नाहीत, लोकशाहीसाठी लढणाऱ्यासमोरच्या माणसाचं बळ कमी करतात. लढणारा नसेल तर ते वाया जातात. सरसकट लावले तर लढणाऱ्यालाच दुबळं करतात. पैशाच्या मुख्य नाडीवर, लवकर आणि शेजाऱ्यांना घेऊन लावले तर परिणाम दिसतो. आणि ते उठवायचे कशाच्या बदल्यात, हे आधी ठरलेलं नसेल तर शेवटच्या क्षणी सगळं हातचं जातं.

तुम्ही शेवटी विचारलंय की भारताने काय करावं. २०२१ च्या जूनमध्ये म्यानमारला शस्त्रं देऊ नयेत असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला तेव्हा भारत तटस्थ राहिला, २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेतही तटस्थ राहिला. सरकारची अडचण मी समजू शकते: सोळाशे किलोमीटरची सीमा, ईशान्येतले बंडखोर गट, चीन. पण डाळ घेणं आणि शस्त्रांचे सुटे भाग विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उडीद-तूर बंद करू नये असं माझं ठाम मत आहे. त्याने तिकडचा शेतकरी मरेल आणि इकडे भाव भडकतील, जनरलचं काही बिघडणार नाही. भारतातून गेलेल्या त्या ५.१ कोटी डॉलरच्या शस्त्रसाहित्याचं मात्र समर्थन मला करता येत नाही. ते थांबवायला नवा कायदाही लागत नाही, निर्यात परवाना देताना शेवटचा वापरणारा कोण हे विचारलं तरी पुरे. मिझोरामच्या लोकांनी सीमेपलीकडून आलेल्या, म्यानमारच्याच चिन समाजातल्या हजारो निर्वासितांना आपल्या घरांत, चर्चमध्ये आसरा दिला. त्यांच्यापर्यंत औषधं आणि पैसे पोचायची वाट मोकळी ठेवणं हेही याच धोरणात बसतं.

एक बदल तुमच्या लक्षात आला नसेल. २०२४ च्या सुरुवातीपासून म्यानमारच्या डाळीचे पैसे रुपया-च्यात व्यवस्थेतून, पंजाब नॅशनल बँकेतल्या विशेष रुपया व्होस्ट्रो खात्यामार्फत (म्हणजे परदेशी बँकेने इथल्या बँकेत रुपयांत ठेवलेल्या खात्यातून) द्यायची सोय झाली. डॉलर नाही, न्यूयॉर्कचा वळसा नाही, एकोणीस दिवसांची रखडपट्टीही नाही. वाशीच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण पूर्वी नाव तपासणारे तीन-चार टप्पे होते, आता ते बिल उघडणारी माणसं फक्त दोन टोकांची आहेत आणि तिकडचं टोक लष्कराच्या ताब्यात आहे. विकणारा बागोचा आडत्या आहे की एमईएचएलची नव्या नावाची कंपनी, हे आता इकडच्या टेबलावर बसलेल्या माणसालाच बघावं लागतं. माझ्यानंतर त्या कामावर आलेल्या मुलांना मी बर्मी नावांची एक वही देऊन आलेय, ओळखपत्राचा नंबर कसा वाचायचा त्यासकट.